पाचही गोळ्या जागच्या जागी

लातूर, १९ जानेवारी २०१३

महादेवी सिस्टर,

अक्षर ओळखाल आणि न वाचता ठेवून द्याल, म्हणून कामाचं आधी लिहितो. तुमच्या नायगावच्या बाजूला शेषेराव म्हणून एक शेतकरी आहेत. त्यांची मुलगी तनुजा आमच्याकडे राहून बारावी करते आहे. ती सांगते, तिच्या वेळचं तिच्या आईचं बाळंतपण तुमच्याच हातचं. तिचं इथलं राहणं धोक्यात आलंय. बोर्डाची परीक्षा महिन्यावर आहे आणि मेमध्ये मेडिकलची. आत्ता घरी नेली तर ती परत येत नाही, तिची आत्या स्थळ घेऊन बसलेलीच आहे. तुम्ही शेषेरावांना भेटून एवढंच सांगावं, की पोरीवर विश्वास ठेवा. तुमचा शब्द ते मोडणार नाहीत.

आमच्याकडे म्हणजे कुठं, ते सांगायला हवं. माझा मुकुल कॉलेजात असताना तुम्ही पाहिलेला. तो आता लातुरातला मुकुल सर आहे. जीवशास्त्र शिकवतो, दोन पाळ्यांत सहाशे मुलं. घरावर दोन मजले चढवून त्यानं अठ्ठावीस मुली ठेवल्यात. आमची मंडळी जाऊन सहा वर्षं झाली, मी रिकामाच, म्हणून फाटकाजवळची खोली मला. येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही मी ठेवतो, मुलींची पार्सलं उघडून बघतो, सातला हजेरी घेतो. हजेरी झाली की पूर्वी एखादी कविता म्हणायचो. तुम्हाला आठवत असेल, आपल्या शाळेच्या सहावीच्या खिडकीतून करडईचं रान दिसायचं, आणि मी पाखरांची कविता चालीवर लावली की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा माना डोलवायची. तुम्ही लसीची पेटी घेऊन जाताना व्हरांड्यात क्षणभर थांबायचात. इथल्या मुली विचारतात, ‘आजोबा, ह्याच्यावर प्रश्न येतो का?’ मग मीच बंद केलं.

तर झालं असं. गुरुवारी चतुराबाईनं, म्हणजे आमच्याकडे झाडलोट करते तिनं, मागच्या गटारातून एक पाकीट काढलं आणि मुकुलच्या टेबलावर आणून ठेवलं. दिवस गेलेले पाडायच्या गोळ्या. एक वेगळी, चार सारख्या, पाचही जागच्या जागी, नुसता वरून चिखल. ती म्हणाली, ‘सर, असलंच माज्या सुनंला दवाखान्यात दिलतं. पोरींचं घर हाय, म्हनून तुमालाच दावलं.’

मुकुलनं दुपारी सगळ्या मुलींना गच्चीवर उभं केलं. पाकीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर धरलं आणि कोणाचं म्हणून विचारलं. मग त्यानं प्रत्येकीला एकेक चिठ्ठी दिली, नाव लिहा आणि मागच्या पाळीची तारीख लिहा. त्या अठ्ठावीस चिठ्ठ्या त्यानं माझ्याकडे दिल्या. आप्पा, तारखांप्रमाणे लावा, म्हणाला.

मी लावल्या, सिस्टर. बहात्तर वर्षांचा माणूस मी, मांडीवर पाट घेऊन पोरींच्या त्या तारखा एकाखाली एक लावत बसलो. हाताला अजून वास येतोय असं वाटतं. चिठ्ठ्यांना वास नव्हता, मला ठाऊक आहे.

तनुजाची तारीख सगळ्यात जुनी निघाली. अडतीस दिवस. शिवाय संक्रांतीला घरी गेली ती एक दिवस उशिरा आली, आणि परवाच्या चाचणीत तिला उलटी झाली. मुकुलला एवढं पुरलं. बाकीच्या मुलींत एकीचा बाप तहसीलला आहे, एकीचा मामा पोलिसात. तनुजाच्या बापाला लातुरात ओळखीचं कोणी नाही. हे मी म्हणतोय, मुकुल असं काही म्हणाला नाही. त्यानं शेषेरावांना फोन केला, प्रजासत्ताक दिनाच्या आत पोरीला घेऊन जा आणि दवाखान्याची चिठ्ठी आणा म्हणाला.

पोर निर्दोष आहे. हे मी कशावरून म्हणतो ते विचारू नका. माणसाला चेहरा वाचता येतो.

शेषेरावांना भेटा. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी.

रेणुकादास मास्तर


लातूर, २८ जानेवारी २०१३

महादेवी सिस्टर,

तुमचं कार्ड पोचलं. अठरा वर्षांनी आलेल्या तीन ओळी. ‘पाचही गोळ्या जागच्या जागी, असं तुम्हीच लिहिलंय. जिला त्या हव्या होत्या तिनं त्या टाकलेल्या नाहीत. पाकीट कोणाचं आणि टाकलं कोणी?’

जन्मभर मी पोरांना उतारा वाचून प्रश्नांची उत्तरं लिहायला लावली. आता माझाच उतारा तुम्ही मला वाचून दाखवलात. खरंच की. गोळ्या घेतलेल्या बाईचं पाकीट रिकामं असतं. ही एवढी गोष्ट सहाशे मुलांना गर्भधारणा शिकवणाऱ्या माझ्या मुलाला दिसली नाही. इतका कसा तो बावळट, असं मला चार दिवस वाटत राहिलं.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. पाकीट माझ्या सुनेचं आहे. राजश्री, वय अडतीस. दोन मुलं, थोरली अपूर्वा चौदाची. मुकुलच्या सगळ्या नोट्स कॉम्प्युटरवर तीच टाइप करते. त्यांत एक धडा आहे, दिवस न राहू देण्याच्या उपायांचा. त्यावर हमखास एक प्रश्न येतो म्हणून मुकुल तो घोकून घेतो. खालच्या हॉलमधून मला ऐकू येतं, तांबी कशी काम करते, गोळी कशी, नसबंदी कशी, पोरं एका सुरात म्हणतात. जुन्या वेळी आपली पोरं पाढे म्हणायची तसं. आणि ज्या उपायाला तो फळ्यावर सगळ्यात बेभरवशाचा म्हणतो, दिवस मोजून सांभाळण्याचा, तोच त्यानं घरात ठेवला होता. राजश्रीची तांबी रक्त फार जातं म्हणून काढली होती. दुसरी बसवायला तिला सवड हवी होती, आणि तो स्वतः दवाखान्याची पायरी चढणाऱ्यांतला नाही.

नाताळच्या सुट्टीत तिला कळलं. ती गल्लीतल्या डॉक्टरीणबाईकडे गेली. बाई म्हणाल्या, नवऱ्याची सही आणा. राजश्री म्हणाली, कायद्यात बाईची एकटीची सही लागते, मी टाइप केलंय. बाई हसल्या म्हणे. म्हणाल्या, कायदा पुस्तकात असतो, मला इथं दवाखाना चालवायचाय.

मग ती मुकुलशी बोलली. माझ्या खोलीची आणि त्यांच्या स्वयंपाकघराची भिंत एकच. मुकुल ओरडला नाही. तो कधीच ओरडत नाही. शांतपणे समजावून सांगत होता. वर अठ्ठावीस मुली आहेत. ह्या घराच्या दारातून असलं औषध आत आलं किंवा तू असल्या दवाखान्यात दिसलीस, तर कोणी म्हणणार नाही की सरांची बायको होती. म्हणतील, सरांच्या हॉस्टेलातली पोरगी होती, बायको पुढे केली. एका आठवड्यात हॉस्टेल रिकामं होईल. ‘त्यापेक्षा होऊन जाऊ दे. मूल झालं तर पेढे वाटता येतात.’

मी भिंतीला पाठ लावून बसलो होतो, सिस्टर. हा मुलगा लहानपणी माझ्या मांडीवर झोपताना अंगाईचं दुसरं कडवं मागून घ्यायचा.

औषधाच्या दुकानांतून त्या गोळ्या मिळत नाहीत आता. गेल्या वर्षी आपल्या शेजारच्या जिल्ह्यातलं ते पोटातल्या मुली मारण्याचं प्रकरण बाहेर आलं, तेव्हापासून दुकानदार भीतीनं ठेवतच नाहीत. राजश्रीच्या नांदेडच्या बहिणीनं कुठल्याशा डॉक्टरांकडून रीतसर घेऊन ते पाकीट ड्रेसच्या कापडात गुंडाळून ट्रॅव्हल्सनं पाठवलं. त्या वेळी सहावा आठवडा होता. ते गटारात कसं गेलं ते मात्र मला सांगता येत नाही.

तनुजा पंचवीस तारखेला गेली. शेषेराव फाटकाशी आले, चप्पल काढून उभे राहिले. त्यांनी मुकुलला काही विचारलं नाही, पोरीलाही नाही. तिची पेटी खांद्यावर घेतली. ती माझ्यासमोरून गेली तेव्हा वहीत सही करायला थांबली, नियमाप्रमाणे. बाहेर जाण्याचं कारण, असा रकाना आहे. तो तिनं रिकामा ठेवला.

तुम्ही त्यांना भेटलात का?

रेणुकादास


लातूर, ३ फेब्रुवारी २०१३

महादेवी सिस्टर,

‘टाकलं कोणी, तेही विचारलं होतं.’ दुसऱ्या कार्डावर एवढंच. सही पण नाही.

मी टाकलं.

मुलींची पार्सलं मी उघडतो, हे लिहिलंच आहे. त्या दिवशी ट्रॅव्हल्सवाल्यानं चार पार्सलं दिली. तिसऱ्यावर राजश्रीचं नाव होतं. वाचलं, आणि तरीही उघडलं. हाताला सवय लागलेली. निळं कापड निघालं, त्यात ते पाकीट. हिंदीत लिहिलेलं मला वाचता येतं. मी दार लावून घेतलं. एखाद्या पोरीनं पाहिलं तर, असं पहिल्यांदा वाटलं, म्हणजे मुकुलचंच बोलणं माझ्या तोंडी. पण खरं कारण ते नव्हतं. ह्या घरात कोणी गाणं म्हणत नाही, सिस्टर. एक बाळ आलं तर माझ्याकडे अजून सत्तर-ऐंशी अंगाया पाठ आहेत, त्या कोणीतरी ऐकेल, असं माझ्या मनात आलं. पाळणा कुठं टांगायचा तेसुद्धा मी बघून ठेवलं. मग पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून मागच्या बोळात फेकलं आणि कापड राजश्रीच्या हातात नेऊन दिलं.

तिनं ते उलगडलं. झटकलं. माझ्याकडे पाहिलं. ‘एवढंच आलंय का, आप्पा?’ मी म्हणालो, रंग छान आहे.

सून सासऱ्याला विचारू शकत नाही आणि सासरा सुनेला सांगू शकत नाही, ही आपल्याकडची रीत मला त्या क्षणी किती सोयीची वाटली म्हणून सांगू. स्वतःची इतकी किळस येते की आरशात बघून दाढी करवत नाही. चाचपून करतो.

बहिणीकडून दुसरं पाकीट आलं नाही. मुकुलनं तिच्या सासरी फोन केला. काय बोलला ठाऊक नाही, पण त्या दिवसापासून ती बहीण राजश्रीचा फोन उचलत नाही.

परवा मी मुकुलकडे गेलो. म्हटलं, बाबा रे, तुझा घोटाळा झालाय. पाकीट भरलेलं होतं, ते तनुजाचं नाही, ते राजश्रीचं आहे आणि मी फेकलंय. वाटलं होतं, ऐकून तो खुर्चीत मागे पडेल. तो पेपर तपासत होता. मान वर न करता म्हणाला, ‘ठाऊक आहे, आप्पा. मी जीवशास्त्र शिकवतो.’

त्याला चतुराबाईनं ते टेबलावर ठेवलं तेव्हाच कळलं होतं. मी विचारलं, मग त्या पोरीला का? तो पेन खाली ठेवून, मंद विद्यार्थ्याला सांगावं तसं सांगायला लागला. चतुराबाईनं पाहिलं म्हणजे गल्लीनं पाहिलं. आता कोणाचं तरी नाव लागणारच. नाही लावलं तर अठ्ठावीस जणींवर संशय. त्यापेक्षा एक गेली तर सत्तावीस वाचतात. ‘आणि तिची दवाखान्याची चिठ्ठी चांगलीच येणार आहे, आप्पा. तिचं काही बिघडत नाही. हॉल तिकीट ऑफिसात आहे, न्यायला येतीलच. तोवर इथलं निवेल.’

मी बाहेर आलो आणि वहीतला तनुजाचा तो रिकामा रकाना उघडून बसलो.

त्याला दोष देताना माझी जीभ का अडखळते ते जगात तुम्हा एकट्यांना ठाऊक आहे. नीलम्मा. आजवर हे नाव मी कागदावर उतरवलं नव्हतं.

ब्याण्णवचा जानेवारी. आम्हा शिक्षकांना प्रत्येकी दोन केसेस आणायच्या होत्या, मार्चच्या आत दोन बायकांचं नसबंदीचं ऑपरेशन. नाही तर बदली, जळकोटच्या पलीकडे कुठं तरी. माझी एकच झाली होती. मला ती शाळा सोडवत नव्हती, ती खिडकी, ते करडईचं रान. नीलम्मा तेवीसची, दुसरं मूल आठ महिन्यांचं. तिनं तुमच्याकडे तांबीसाठी नाव दिलं होतं. धाकटा अजून अंगावर पितोय, पुढचं पुढं बघू, म्हणाली होती. तिचं तिला किती नेमकं कळत होतं. पण तांबी तुमच्या रकान्यात धरली जायची, माझ्या नाही. मी तिच्या घरी तीनदा गेलो. नवऱ्याला पटवलं, सासूला पटवलं. ती माझी विद्यार्थिनी, सातवीपर्यंत शिकलेली. मास्तर म्हणतात म्हणून ती गप्प राहिली. फॉर्मवर तिनं अंगठा नाही उमटवला, सही केली. ‘नीलम्मा’तल्या जोडाक्षराला तिनं दिलेलं वळण बघून मला मास्तर म्हणून अभिमान वाटला. तुम्ही शेजारी उभ्या होतात. तुम्ही म्हणालात, मास्तर, तिला एकदा विचारा तरी. मी म्हणालो, सही केलीय की.

पुढच्या वर्षी भूकंपात तिची दोन्ही मुलं गेली.

सरकारनं नळ्या पुन्हा जोडून द्यायची ऑपरेशनं काढली तेव्हा तिला घेऊन तुम्ही गेलात. दोनदा. दोन्ही वेळा उपयोग झाला नाही. मी त्या दिवसांत काय करत होतो? कविता. पहिल्या वर्षश्राद्धाच्या कार्यक्रमात वाचली. ‘ढिगाऱ्याला पुसते माय, माझं पाखरू कुठं निजलं.’ नीलम्माला मीच बोलावून पहिल्या रांगेत बसवलं होतं. लोकांनी डोळे पुसले, टाळ्या वाजवल्या, मी नमस्कार केला. तुम्ही उठून तिला हाताला धरून मांडवाबाहेर नेलंत आणि महिन्याभरात बदली घेऊन गेलात. मी कित्येक वर्षं लोकांना सांगत आलो, की सिस्टरना कवितेचं वावडं.

आता मुकुलला मी कोणत्या तोंडानं बोलू? एक गेली तर सत्तावीस वाचतात, हा हिशोब त्याला जीवशास्त्रानं शिकवलेला नाही.

शेषेराव शनिवारी हॉल तिकीट न्यायला येणार आहेत. त्यांच्यासमोर मी सगळं सांगणार. पण ते सांगायचं म्हणजे राजश्रीच्या पोटातली गोष्ट परक्या माणसासमोर उघडी करायची. काल ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती, तिथं जाऊन मी तिला विचारलं. पहिल्यांदाच कोणाला तरी विचारलं. पाकिटाचंही सांगितलं. तिनं हातातली चादर पिळून दोरीवर टाकली आणि म्हणाली, ‘तुम्ही बोलू नका, आप्पा. तुम्ही बोललात की ती तुमची गोष्ट होते.’

नववा आठवडा संपत आलाय.

रेणुकादास


लातूर, ९ फेब्रुवारी २०१३

महादेवी सिस्टर,

आज सकाळचं लिहितो, जसं झालं तसं.

शेषेराव तनुजाला घेऊन दहाला आले. मुकुलनं त्यांना ऑफिसात बसवलं, पाणी मागवलं. मी दाराशी उभा. तनुजा बापाच्या मागे, पेटी हातातच. शेषेरावांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला.

‘सर, तुमी चिठ्ठी आना म्हनलात. आनली. नांदेडच्या दवाखान्यात नेलं पोरीला. काई न्हाई तिला. त्या डाक्टरीनबाई मलाच म्हनल्या, परीक्षेच्या काळजीनं पोरींची पाळी अशी मागंपुढं होतीच, येवढं तुमच्या सरांना ठाऊक न्हाई का?’

मुकुल म्हणाला, मलाही तेच वाटत होतं, काका, पण नियम म्हणजे नियम.

‘हाव. नियम.’ शेषेराव जमिनीकडे बघत होते. ‘पोरगी माज्याशी चार दिस बोलली न्हाई, सर. तपासायला नेलं ना म्या. मी बाप, मीच नेलं.’

मुकुलनं हॉल तिकीट काढून पुढे केलं. म्हणाला, झालं गेलं, तिनं परत राहायला हरकत नाही, फक्त मुलींत उगाच चर्चा नको. तनुजानं हॉल तिकीट घेतलं. मग ती बोलली, आणि त्या खोलीत तिचा आवाज मी पहिल्यांदा इतका स्पष्ट ऐकला. ‘सर, चर्चा तर झाली. माझं नाव कोण काढणार त्यातून?’

मुकुल हसला. म्हणाला, काळ काढतो.

मला राहवलं नाही. राजश्रीनं नको म्हटलेलं असूनही मी पुढे झालो. ‘शेषेराव,’ मी सुरू केलं, ‘माणसाच्या आयुष्यात असा एक क्षण येतो,’ आणि तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला, ‘आप्पा, सरका जरा.’

ती नोट्स टाइप करायच्या खोलीतून आली होती. चष्मा डोक्यावर, पदर खोचलेला. ती मुकुलकडे नाही, माझ्याकडे नाही, तनुजाकडे बघून बोलली.

‘ते पाकीट माझं होतं, तनुजा. मला दिवस गेलेत, दहावा आठवडा आहे. मला नकोय. गोळ्या मी मागवल्या होत्या. ह्यांनी फेकल्या,’ माझ्याकडे बोट, ‘आणि ह्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं,’ मुकुलकडे. ‘माझ्यामुळे तुला दवाखान्यातल्या तपासणीच्या टेबलावर झोपावं लागलं. मी आधी बोलायला पाहिजे होतं. पंधरा दिवस मी भ्याले.’

चतुराबाई फडकं घेऊन दारातच थांबली होती. ती पुटपुटली, ‘बाई, मला काय ठावं तुमचं हाय म्हनून. तुमच्याच हातात दिलं आसतं की.’

मुकुल उठला. ‘राजश्री, आत जा.’ आवाज तसाच शांत. वरच्या जिन्यात पोरींची गर्दी झाली होती, ती त्याला दिसत होती. म्हणाला, तिची तब्येत बरी नाही, ती काहीही बोलतेय. तेव्हा शेषेराव पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडे बघायला लागले. मग म्हणाले, ‘सर, तुमी लई शिकलेले. माजी म्हस गाभण न्हाई ठेवायची आसली तर मी डाक्टरला विचारतो. तुमी घरातल्या बाईला न्हाई विचारलं, न् माज्या पोरीला उगडी केली.’

एवढंच. शिवी नाही, हात उगारणं नाही. मुकुलला त्यापेक्षा मारलेलं परवडलं असतं.

तनुजानं पेटी उचलली. जिन्यातल्या मुलींकडे बघून ती म्हणाली, ‘ऐकलं ना सगळ्यांनी?’ आणि बापाला घेऊन बाहेर पडली. मागच्या गल्लीत एका विधवा बाईंकडे तिला खोली मिळालीय. चार मुलींची घरचीच मेस. परीक्षेला बारा दिवस आहेत. आमच्याकडच्या अकराजणी संध्याकाळपर्यंत वह्या उचलून तिच्या मागे गेल्या. मी फाटकाशी होतो, पण कोणाचीच सही घेतली नाही.

राजश्री आत गेली ती पिशवी भरूनच आली. बहिणीचं दार बंद, माहेरी आई-बाप नाहीत. मी विचारलं, कुठं? ‘नायगावला. सिस्टरबाईंकडे. शेषेरावभाऊ बसनं जाणारच आहेत, त्यांच्याबरोबर.’ मी चकित झालो तर म्हणाली, ‘पोस्टकार्ड उघडंच असतं, आप्पा. दोन्ही मीच पोस्टमनकडून घेतली होती.’

म्हटलं, मी येतो. ती नको म्हणाली. म्हटलं, निदान सिस्टरना द्यायला चिठ्ठी लिहून देतो, ओळखीची. ‘चिठ्ठी नको. तुमचं जे असेल ते तुम्ही पोस्टात टाका.’ म्हणून हे पत्र पोस्टानंच येतंय, तिच्या दोन-तीन दिवस मागून. तोवर तुम्ही तिला घेऊन नांदेडला गेलाही असाल. गोळ्यांचे दिवस गेले, आता गर्भपिशवी साफ करून घ्यावी लागेल, असं ती म्हणत होती. बारा आठवड्यांच्या आत. हे तुम्हाला सांगायची गरज नाही. तिलाही नाही.

जाताना तिनं मला एकच काम सांगितलं. ‘अपूर्वा शाळेतून आली की तिला खरं सांगा. तिचे पप्पा सांगणार नाहीत.’

अपूर्वा साडेपाचला आली. मी तिला समोर बसवलं. फुलांची, पाखरांची, वेलीवरच्या कळीची अशी कितीतरी वाक्यं तोंडाशी आली, ती गिळली. म्हटलं, तुझ्या आईला दिवस गेलेत आणि तिला ते मूल नको आहे. त्यासाठी तिनं गोळ्या मागवल्या होत्या, त्या मी तिला न विचारता फेकल्या. तुझ्या पप्पांनी एका मुलीचं नाव पुढं केलं. आता आई ते मूल काढून घ्यायला नांदेडला जातेय.

तिनं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. बुटाची लेस अर्धी सुटलेली होती, ती तशीच ठेवून तिनं विचारलं, ‘आईबरोबर आपल्यातलं कोण गेलंय?’

मी म्हणालो, कोणी नाही.

ती उठली आणि कपाटातून आईची शाल काढून पिशवीत भरायला लागली. उद्या सकाळच्या गाडीनं मी तिला नायगावला आणून सोडतो. मी स्टँडवरूनच परत फिरेन. हे पत्र पोचेल तोवर ती तुमच्याकडे असेल, तिला तेवढं ठेवून घ्या.

रेणुकादास